पंधराव्या वर्षाची उदासी आणि पंधराशेची रांग

"तिला काही झालेलं नाही हो, अंगात आळस भरलाय नुसता!"

हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकीने कधी ना कधी ऐकलेलं आहे. दहावीत गेलेली मुलगी संध्याकाळी दिवेलागणीलाही पांघरूण घेऊन पडून राहते, जेवायला बोलावलं तर खेकसते, मैत्रिणी हाक मारायला आल्या तर "नाहीये म्हणून सांग" असं आईलाच सांगते. शेजारीण विचारते, "पोरले काय व्हयनं?" आई म्हणते, "काही नाही, अभ्यासाचं टेन्शन." आजी म्हणते, "नजर लागली." बाप म्हणतो, "मोबाइल काढून घ्या हातातला." प्रत्येकाकडे आपापलं निदान तयार असतं. डॉक्टर मात्र या यादीत शेवटी येतो, आणि पुष्कळदा येतच नाही.

मैत्रिणींनो, आज या उदासीबद्दल बोलायचं आहे. पण ती पंधराव्या वर्षी कशी दिसते एवढ्यावर थांबायचं नाही. ती वेळेवर ओळखली नाही तर पुढे वीस-पंचवीस वर्षांनी त्या मुलीचं, त्या मुलाचं काय होतं, कोणाच्या आधारावर त्यांना जगावं लागतं, हा खरा प्रश्न आहे.

स्वीडनमध्ये उप्साला नावाचं शहर आहे. तिथे १९९१ ते १९९३ या काळात सोळा-सतरा वर्षांच्या शाळकरी मुलामुलींची तपासणी केली गेली. कोण नैराश्यात आहे, कोण नाही, याची नीट नोंद झाली. मग संशोधकांनी तब्बल पंचवीस वर्षं वाट पाहिली. ही मुलं चाळिशीला पोचेपर्यंत त्यांनी सरकारकडून कोणकोणती मदत घेतली, गरिबीचा भत्ता किती, आजारपणाचा भत्ता किती, हे तिथल्या सरकारी दप्तरातून तपासलं. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पौगंडावस्थेत नैराश्य आलेल्यांना मोठेपणी सरकारी मदतीवर राहण्याची वेळ इतरांपेक्षा जास्त आली होती. त्यातही ज्यांचं नैराश्य दीर्घकाळ रेंगाळलं, किंवा ज्यांना नैराश्याच्या जोडीला इतर मानसिक त्रास होता, त्यांची स्थिती अधिक बिकट होती.

याचा अर्थ असा नव्हे, की उदास मुलांचं आयुष्य वाया जातंच. रेंगाळलेलं दुखणं महागात पडतं, हा त्याचा अर्थ. ताप अंगावर काढला की तो मुरतो, हे आपल्याला कळतं. मनाच्या बाबतीत मात्र आपण म्हणतो, "वय वाढलं की जाईल." काहींचं जातंही. ज्यांचं जात नाही, त्यांचं काय?

आता तुम्ही म्हणाल, स्वीडनचं आम्हाला काय? तिथे काम नसलं तरी सरकार पोसतं. आपल्या नामपूरला कोण भत्ता देतो? प्रश्न अगदी बरोबर आहे. आपल्याकडे उदास माणसाला सांभाळणारं पहिलं सरकार म्हणजे आई. दुसरं सरकार म्हणजे भाऊ. आणि मुलगी असेल तर तिसरं सरकार म्हणजे नवरा, असं आपण धरून चालतो. ही तिन्ही सरकारं पडली, की मग बाई तहसील कचेरीत कागद घेऊन उभी राहते.

पायरी पायरीने

अशी एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. नाव कुठलंही द्या. मोसम खोऱ्यातल्या कुठल्याही गावात ती सापडेल.

आठवीपर्यंत ती हुशार होती. नववीत लक्ष लागेनासं झालं. रात्री झोप नाही, सकाळी उठवत नाही. पोट दुखतं, डोकं दुखतं, तपासण्या केल्या तर सगळं नॉर्मल. "माले काही गोड लागत नही," असं ती एकदा म्हणाली होती, पण घरात कांदा लागवडीची घाई होती. दहावीला दोन विषय राहिले. "आता शिकून काय करणार," म्हणून शाळा सुटली. घरात बसलेली मुलगी म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांवर येणारी मुलगी. "लग्न झालं की ठीक होईल," असं कोणीतरी सुचवलं आणि अठरा पूर्ण व्हायच्या आतच बार उडवून दिला.

आता सासर. नवं घर, नवी माणसं, पहाटेपासून काम. ज्या मनाला माहेरीच उठवत नव्हतं, ते इथे कसं उठणार? "कामचुकार आहे," "फसवलं आम्हाला," असे शब्द सुरू होतात. बाळंतपण होतं. बाळंतपणानंतरची उदासी हा नैराश्याचाच एक प्रकार, आणि आधी नैराश्य येऊन गेलेल्या बाईला त्याचा धोका अधिक. तेही कोणी ओळखत नाही. एक दिवस नवरा तिला माहेरी आणून सोडतो, तो परत न्यायला येत नाही. वय वर्षे चोवीस. कडेवर मूल. हातात दहावी नापासाचं मार्कशीट. भावजय घरात आलेली.

ही सगळी गोष्ट नवऱ्याच्या नाहीतर सासूच्या नावावर लिहिता येते, तशी आपण लिहितोही. पण तिची पहिली ओळ नववीच्या वर्गात लिहिली गेली होती, ती कोणी वाचली नाही.

आणि मुलगा असेल तर? त्याला कोणी माहेरी सोडत नाही. तो घरातच राहतो, आणि चिडतो. मुलांच्या बाबतीत उदासी पुष्कळदा रडण्यातून बाहेर येत नाही, ती संतापातून येते, भांडणातून येते, पुढे व्यसनातून येते. कॉलेज अर्धवट, नोकरी टिकत नाही, शेतात मन लागत नाही. तीस वर्षांचा मुलगा आईच्या कांद्याच्या रोजंदारीतून गुटख्याला पैसे मागतो, तेव्हा गाव त्याला "बिघडलेला" म्हणतं. तो कधी बिघडला आणि का, हे विचारायची वेळ तेव्हा निघून गेलेली असते.

आकडे काय सांगतात?

बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या बारा राज्यांत मानसिक आरोग्याची मोठी पाहणी केली. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, पण शेजारचे गुजरात आणि मध्य प्रदेश होते. तेरा ते सतरा वयोगटात सुमारे ७.३ टक्के मुलामुलींना कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं दिसलं. आता हा आकडा आपल्या शाळेत आणून बसवा. साठ मुलांच्या वर्गात चार! त्या चौघांना शिक्षक "मठ्ठ", "आगाऊ" किंवा "लाजाळू" म्हणून ओळखत असतील. याच पाहणीत आणखी एक गोष्ट पुढे आली. नैराश्य असलेल्या शंभरातल्या सुमारे पंच्याऐंशी जणांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते.

दुसरा आकडा लिहिताना हात जड होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यात सर्वांत जास्त, १,७६४, महाराष्ट्रातल्या होत्या. प्रत्येक आत्महत्येमागे नैराश्यच असतं असं नाही आणि नैराश्य आलेली बहुसंख्य मुलं त्या टोकाला जात नाहीत. पण "पोरांना कसलं आलंय टेन्शन!" असं म्हणण्याची सोय या आकड्याने ठेवलेली नाही.

तिसरी गोष्ट लग्नाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. म्हणजे ज्या वयात उदासी डोकं वर काढते, नेमक्या त्याच वयात आपण मुलीला घरातून उठवून दुसऱ्या घरी नेऊन ठेवतो. वयात आल्यानंतर मुलींमध्ये नैराश्याचं प्रमाण मुलांच्या जवळजवळ दुप्पट होतं, असं जगभर दिसतं. तरी "लग्न" हेच आपल्याकडचं सगळ्यात लोकप्रिय औषध!

पंधराशे रुपयांचा हिशेब

आता त्या चोवीस वर्षांच्या बाईकडे परत येऊ. तिच्यासाठी सरकारकडे काय आहे?

संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० पासून आहे. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजाराने ग्रासलेले, अशा अठरा ते पासष्ट वयाच्या निराधारांना तिचा आधार. महिन्याचं अनुदान २०२३ मध्ये एक हजारावरून पंधराशे झालं. दिव्यांगांसाठी ते अडीच हजार करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ मध्ये घेतला. पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो, दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५० हजारांची. वर्षाला एकवीस हजार म्हणजे महिन्याला साडेसतराशे! भावाच्या घरात राहणाऱ्या बाईने हा दाखला कुठून आणायचा?

आजारपणाच्या आधारावर अर्ज करायचा म्हटलं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानसिक आजारालाही दिव्यांगत्व मानलं आहे. पण प्रमाणपत्रावर किमान चाळीस टक्के लागतात, आणि ते मानसोपचारतज्ज्ञाच्या तपासणीनंतरच मिळतं. जी बाई कधी डॉक्टरकडे गेलीच नाही, तिच्या आजाराचा कागद कुठून येणार? उपचार नाहीत म्हणून कागद नाही, कागद नाही म्हणून अनुदान नाही.

मग उरते लाडकी बहीण. २०२४ च्या जुलैपासून सुरू झालेल्या या योजनेतून राज्यातल्या दोन कोटींहून अधिक बायकांच्या खात्यात महिन्याला पंधराशे रुपये पडू लागले. एकवीस ते पासष्ट वयाच्या, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या बायकांसाठी ही योजना. बऱ्याच जणींच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचे पैसे आले, याचं मोल कमी नाही.

आता एक साधा हिशेब करून पाहा. महिना पंधराशे, वर्षाचे अठरा हजार. पंचविशीपासून पासष्टीपर्यंत चाळीस वर्षं धरली तर ७ लाख २० हजार रुपये. सरकारच्या दृष्टीने हा खर्च. पण त्या बाईच्या दृष्टीने? चाळीस वर्षं महिन्याला पंधराशेत! ती नर्स झाली असती, शिक्षिका झाली असती, शिलाईचं दुकान काढलं असतं, निदान कांद्याच्या लागवडीला टोळीबरोबर ताठ मानेने गेली असती. ते न मिळालेलं सगळं या हिशेबात कुठेच लिहिलेलं नाही.

मदत म्हणजे भीक नव्हे

इथे एक गोष्ट स्पष्ट करायलाच हवी, कारण हा विषय निघाला की लगेच कोणीतरी म्हणतं, "फुकटचे पैसे देऊन सरकारने लोकांना आळशी करून ठेवलंय."

बागलाणच्या माणसाने तरी असं म्हणू नये. सटाण्याला आपण ज्यांच्या यात्रेला जातो ते देवमामलेदार यशवंतराव महाराज कोण होते? इंग्रजांच्या राज्यातले सरकारी मामलेदार. १८७०-७१ च्या दुष्काळात माणसं उपाशी मरताना पाहून त्यांनी सरकारी खजिना लोकांसाठी खुला केला. त्या एका गोष्टीसाठी लोकांनी त्यांना देव केलं. अडलेल्याला सरकारी तिजोरीतून देणं हे पुण्याचं काम आहे, हे या मातीला दीडशे वर्षांपूर्वी कळलेलं आहे. मग आज निराधारचे पैसे घेणाऱ्या बाईकडे वाकड्या नजरेने का पाहायचं?

मदत घेणं लाजिरवाणं नाही, आणि जिला गरज आहे तिने ती हक्काने घ्यावी. दुखणं उदासीचं असेल तर महिन्याला चार पैसे हातात असणं हाही औषधाचाच एक भाग आहे. पैशाची काळजी थोडी कमी झाली, की मनाला श्वास घ्यायला जागा मिळते. गरिबी उदासी वाढवते आणि उदासी गरिबी वाढवते, हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरतं.

आपल्याकडे तर हे चक्र डोळ्यांना दिसतं. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी झाली आणि भाव कोसळले. ती बंदी २०२४ च्या मे महिन्यापर्यंत टिकली. डाळिंबाच्या बागांवर तेल्या आला तेव्हा कसमादे पट्ट्यातल्या किती घरांत चूल पेटली तरी कोणी बोलत नव्हतं, ते तुम्हाला मी काय सांगायचं? मोठी माणसं भावाबद्दल बोलतात, कर्जाबद्दल बोलतात. घरातलं पंधरा वर्षांचं पोर कोपऱ्यात बसून सगळं ऐकत असतं. त्याच्याशी मात्र कोणी बोलत नाही.

तक्रार मदतीबद्दल नाहीच. तक्रार ही आहे की मदत फार उशिरा येते. पंधराव्या वर्षी ज्या मुलीला काही महिने बोलायला, ऐकायला, उपचार करायला माणूस मिळाला असता, तिला तो मिळाला नाही, आणि नंतर तिला आयुष्यभर रांगेत उभं राहावं लागलं.

ओळखायचं कसं?

"हे वयच तसं असतं" हे खरं आहे. चिडचिड, रुसवा, आरशासमोर तासन् तास, हे सगळं वयाचंच. मग आजार कुठे सुरू होतो?

जवळजवळ रोज, दिवसभर, सलग दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल उदास किंवा चिडचिडं असेल, आधी आवडणाऱ्या गोष्टींतही रस वाटत नसेल, झोप आणि भूक फार कमी किंवा फार जास्त झाली असेल, अभ्यासात लक्ष लागत नसेल, "मी कशाचीच नाही", "माझ्यामुळेच सगळं होतं" असं बोलत असेल, तर ते वयाचं नाही. कारण न सापडणारी पोटदुखी आणि डोकेदुखी हीही खूण असू शकते. एखादं चिन्ह दिसलं म्हणून घाबरून जायचं नाही, पण तीन-चार एकत्र दिसली तर डॉक्टरकडे जायचं. अंगारा लावायचा असेल तर लावा, गडावर जाऊन देवीच्या पाया पडायचं असेल तर जरूर पडा. सप्तशृंगीने डॉक्टरकडे जाऊ नका असं कुठे सांगितलंय? पण अंगात आलं, बाहेरची बाधा झाली म्हणून मारझोड करणाऱ्या, उपाशी ठेवणाऱ्या भगताकडे नेऊ नका. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असले अघोरी उपचार हा गुन्हा ठरवला आहे.

आणि "मरून जावंसं वाटतं" असं मूल म्हणालं, तर "असं बोलू नये" म्हणून विषय बंद करू नका. पुष्कळ आयांना वाटतं, विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं येईल. तसं होत नाही. शांतपणे विचारल्याने धोका वाढत नाही, उलट मुलाला मोकळं होता येतं. त्याला एकटं सोडू नका आणि लगेच मदत मिळवा. शेतकऱ्याच्या घरात आणखी एक काम आजच करण्यासारखं आहे. फवारणीची औषधं खाटेखाली, ओट्यावर, गोठ्यात पडलेली असतात. ती कुलपात ठेवा आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा. त्या एका अवघड तासात हाताशी काही नसणं, एवढ्यानेही जीव वाचतो.

उपचार आहेत, अगदी आहेत

नैराश्यावर उपचार होतात, ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची ओळ समजा. सौम्य दुखणं असेल तर समुपदेशनाने, म्हणजे प्रशिक्षित माणसाशी ठरावीक पद्धतीने बोलण्याने फरक पडतो. जास्त असेल तर गोळ्या लागतात. त्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, म्हणून चार दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून फेकायच्या नाहीत, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंदही करायच्या नाहीत. "एकदा सुरू झाल्या की जन्मभर" ही भीतीही काढून टाका. किती दिवस घ्यायच्या ते डॉक्टर ठरवतात, आणि बहुतेकांच्या त्या पुढे हळूहळू बंद होतात.

"पण आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ कुठे?" ही अडचण खरी आहे. राज्याची मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशा चार ठिकाणी. उत्तर महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातलं एकही नाही. नामपूरच्या बाईला तज्ज्ञासाठी मालेगाव नाहीतर शंभरच्या आसपास किलोमीटरवरचं नाशिक गाठावं लागतं. एक दिवसाची मजुरी बुडते, एस.टी.चं भाडं जातं, आणि "कुठे गेली होती?" याचं उत्तर गावाला द्यावं लागतं ते वेगळंच.

म्हणूनच गोव्यातला एक प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. तिथल्या 'संगत' या संस्थेने गावातल्याच, वैद्यकीय पदवी नसलेल्या माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या, तीव्र नैराश्य असलेल्या प्रौढ रुग्णांशी त्यांनी सहा ते आठ बैठकांत काम केलं. बोलणं, दिवसाचा क्रम लावणं, सोडून दिलेली एकेक गोष्ट पुन्हा करायला लावणं, असा साधाच कार्यक्रम. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निकाल आले. तीन महिन्यांनंतर अशी मदत मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी ३९ टक्के. हा प्रयोग मोठ्या माणसांवरचा होता, पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली. प्रत्येक गावात तज्ज्ञ नसला तरी चालेल, शिकवून तयार केलेलं एक समंजस माणूस असलं तरी पुष्कळ काम होतं. अशी माणसं आपल्या गावात नाहीत का? आशा आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, बचत गटातल्या ताई आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत.

तोवर हाताशी जे आहे ते वापरू या. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ हा नंबर फिरवायचा. पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि नाव सांगायची सक्ती नाही. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आय.पी.एच. ही संस्था मराठीतून या विषयावर सातत्याने काम करते आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. त्यात दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' नावाचे सल्ला कक्ष ठेवले आहेत. नामपूरला ग्रामीण रुग्णालय आहे. तिथे जाऊन "मैत्री कक्ष कधी उघडा असतो, समुपदेशक कोणत्या वारी येतात?" असं विचारायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी व्यवस्थेतून असे उपचार मिळणं हा आपला हक्क केला आहे.

मागायचं कोणाकडे?

तीन मागण्या आहेत, आणि तिन्ही आपल्याच गावात करता येण्यासारख्या आहेत.

पहिली मागणी सरकारकडे. मानसोपचारतज्ज्ञाने महिन्यातून ठरलेल्या एका दिवशी तरी ग्रामीण रुग्णालयात यावं. बाजाराचा वार ठरलेला असतो तसा हा वारही गावाला पाठ व्हायला हवा. महिला ग्रामसभेत नुसते हळदीकुंकवाचे ठराव करू नका, हा ठराव करा आणि तो कागदावर आणा.

दुसरी मागणी शाळेकडे. नववी-दहावीत अचानक मागे पडलेल्या, सारख्या गैरहजर राहणाऱ्या मुलामुलींची यादी शिक्षकांनी करावी. त्यांच्या पालकांना बोलवावं, पण फक्त रागवायला नको. दहावीला विषय राहिले म्हणजे शाळा संपली असं आता नाही. निकालानंतर काही आठवड्यांतच पुरवणी परीक्षा असते, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. हे शाळेनेच आईला समजावून सांगितलं पाहिजे. आजारपणात मागे पडलेल्या मुलाचा शाळेशी असलेला धागा तुटू न देणं, हेच त्याच्या पुढच्या चाळीस वर्षांचं राखण आहे.

तिसरी मागणी आपल्या आपल्यातच. सुनेच्या, लेकीच्या, भाचीच्या उदासीला "नाटक" म्हणायचं नाही. "तिचं डोकं फिरलंय" असं चारचौघींत बोलून तिच्या लग्नाची आणि तिच्या जगण्याची वाट बंद करायची नाही. साखर झालेल्या माणसाची गोळी आपण आठवणीने देतो, तशीच ही गोळी आठवणीने द्यायची. २०१७ मध्ये 'कासव' या मराठी सिनेमाला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं. नैराश्यात बुडालेल्या एका तरुणाची ती गोष्ट आहे. त्याला सावरते ती त्याची कोणी लागत नसलेली एक बाई. ती त्याला उपदेश करत नाही, खोदून विचारत नाही. जेवायला घालते, थांबते आणि दार उघडं ठेवते. आपल्याला यातलं काय येत नाही?

आणि आयांनो, एक शेवटचं. उदास मुलाची आई स्वतः फार एकटी असते. तिला झोप नसते, ती कोणाशी बोलत नाही, आणि रात्री छताकडे पाहत एकच प्रश्न घोळवते, "माझ्यानंतर ह्याचं कसं?" या प्रश्नाला पंधराशे रुपये हे उत्तर नाही, अडीच हजार हेही नाही. आपल्यामागे ते मूल स्वतःच्या पायांवर उभं राहिलेलं असणं, हेच त्याचं उत्तर. त्यासाठीची मेहनत ते चाळीस वर्षांचं झाल्यावर सुरू करून भागत नाही.

तुमच्या घरात, शेजारी, वर्गात, गटात असं एखादं पंधरा-सोळा वर्षांचं पोर असेल, तर आज संध्याकाळी त्याच्याजवळ जाऊन बसा. मार्क विचारू नका, मोबाइलबद्दल बोलू नका. "बरं वाटत नाहीये का रे तुला? मी ऐकतेय," एवढंच म्हणा, आणि मग खरोखर ऐका.